उपाशीपोटी पाचवा सेट

माझ्या व्यायामाच्या वहीत १४ आठवड्यांच्या नोंदी आहेत. सुरुवातीच्या पानांवर प्रत्येक स्क्वॉटच्या (खांद्यावर वजनांचा बार घेऊन खाली बसून उठण्याच्या) दिवसाची तीच गोष्ट दिसते: पहिले दोन सेट, म्हणजे सलग उठाबशांच्या फेऱ्या, छान, तिसऱ्यात शंका, चौथ्यात पाय जड, पाचवा अर्धवट.

झालं असं की कामाच्या वेळा बदलल्या आणि संध्याकाळचा व्यायाम सकाळी सहाला आला. रात्री आठला जेवून मी थेट दुपारी बाराला खायचे. १६ तास उपाशी राहायचं आणि उरलेल्या ८ तासांत खायचं, असं ठरवलं होतं. म्हणजे बार खांद्यावर घेताना पोट दहा तासांचं रिकामं. संध्याकाळी ७० किलोचे पाच रेप्सचे (म्हणजे पाच उठाबशांचे) पाच सेट मी पूर्ण करत असे. सकाळी उपाशीपोटी पहिल्याच आठवड्यात पाचव्या सेटच्या तिसऱ्या रेपनंतर बार रॅकच्या सेफ्टी पिनांवर (बार अडवणाऱ्या आडव्या दांड्यांवर) सोडावा लागला. ताकद गेली असं वाटून फार वाईट वाटलं. ती कमवायला मला तीन वर्षं लागली होती.

पण त्याच आठवड्यात ९० किलोचा एकच रेप मी उपाशीपोटी उचलला, आणि तोही नीट, पूर्ण खाली बसून. ताकदच गेली असती तर आधी हा रेप अडायला हवा होता.

एका जड रेपला काही सेकंदच लागतात. तेवढ्यापुरतं स्नायूत आधीच असलेलं एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट हे तयार इंधन पुरतं, आणि तीन ते पाच मिनिटं थांबलं की ते बहुतांशी पुन्हा भरतं. रात्रभराच्या उपवासाचा त्यावर परिणाम होत नाही. रेप्स वाढले आणि मधली विश्रांती कमी झाली की भार ग्लायकोजेनवर, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या साखरेवर, येतो. मला वाटायचं, सकाळपर्यंत तो साठाच संपत असेल. तसं नसतं. रात्री रक्तातली साखर टिकवायचं काम यकृत करतं, त्यामुळे कमी होतो तो यकृतातला साधारण १०० ग्रॅमचा साठा. स्नायूंमधलं ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन जवळजवळ जागच्या जागी राहतं, कारण ते साखर करून रक्तात सोडण्यासाठी लागणारं विकर (एन्झाइम) स्नायूकडे नाहीच.

मग पाचवा सेट का पडत होता?

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रोज न्याहारी करायची सवय असलेल्या पुरुषांना न्याहारीशिवाय वजनं उचलायला लावली होती. स्क्वॉटचे रेप्स साधारण १५ टक्क्यांनी घटले, बेंच प्रेसचे (पाठीवर झोपून छातीवरून बार वर ढकलण्याचे) ६ टक्क्यांनी. माझ्या वहीशी हे जुळत होतं. पण खरा धक्का त्याच संशोधकांच्या पुढच्या प्रयोगाने दिला. त्यात त्याच माणसांना एकदा कर्बोदकांची न्याहारी दिली, एकदा तशीच दाट पण जवळजवळ काहीच ऊर्जा नसलेली, आणि एकदा फक्त पाणी. पाण्यापेक्षा दोन्ही दाट न्याहाऱ्यांनंतर स्क्वॉटचे रेप्स जास्त निघाले, आणि त्या दोघींत फारसा फरक नव्हता! म्हणजे इंधनाइतकीच, कदाचित जास्तच, भुकेची जाणीव आड येत होती.

मी वही पुन्हा उघडली. चौथ्या सेटसमोर मी तीनदा ‘भूक’ लिहिलं होतं. ‘पाय संपले’ असं एकदाही नाही.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. सेटमधली विश्रांती दोन मिनिटांवरून साडेतीन केली. उठल्याबरोबर अर्धा लिटर पाण्यात चिमूटभर मीठ घालून प्यायला लागले. उपवासात शरीर मीठ आणि पाणी जास्त टाकतं, आणि मी तर घोटभर पाणी पिऊन जिमला पोचत होते. सहाव्या आठवड्यात ६५ किलोचे पाचही सेट झाले, नवव्यात ७०चे. यात सवयीचा भाग मोठा असावा असं मला वाटतं. आता सकाळी सहाला पूर्वीइतकी भूकच लागत नाही.

एका ट्रेनरने मला सांगितलं होतं की उपवासात ग्रोथ हार्मोन वाढतं, म्हणून स्नायूही वाढतात. पहिला अर्धा भाग खरा आहे. पण ते हार्मोन तिथे चरबी मोकळी करायला वाढलेलं असतं. स्नायू बांधायला प्रथिनं लागतात, आणि उपाशीपोटी केलेल्या व्यायामानंतर जोवर ती पोटात जात नाहीत, तोवर स्नायूंचा जमाखर्च तोट्यातच राहतो. १६-८ने ताकद टिकते हे दाखवायला २०१६चा, ३४ पुरुषांवरचा आठ आठवड्यांचा अभ्यास नेहमी पुढे केला जातो. त्यात चरबी घटली आणि ताकद टिकली, हे बरोबर. पण ती माणसं दुपारी एक ते रात्री आठ या वेळात खात होती आणि व्यायामही त्याच वेळात, खाल्ल्यानंतर करत होती. उपाशीपोटीच्या व्यायामासाठी तो दाखला चालत नाही, हे मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

मी सातला व्यायाम संपवून बारापर्यंत थांबत होते, ते पाच तास आता बंद केले. व्यायामाच्या दिवशी साडेसातलाच खाते, मग १६ तास पुरे होवोत न होवोत. माझं वजन ६२ किलो. किलोमागे १.६ ग्रॅम धरलं तर दिवसाला १०० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होतात. ती तीन जेवणांत बसतात, दोनांत कोंबावी लागतात.

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल, तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. आणि डेडलिफ्टनंतर (जमिनीवरून बार उचलल्यावर) सरळ होताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्या दिवशी बार तिथेच ठेवा. मी एकदा ठेवला नव्हता आणि रॅकला धरून खाली बसले होते.

सध्या सोमवारचे जड, कमी रेप्सचे सेट उपाशीपोटी होतात. जास्त रेप्सचा दिवस शनिवारी दुपारी, जेवून दोन तासांनी ठेवला आहे. गेल्या शनिवारी ७२.५ किलोचा पाचवा सेट पुरा झाला.