व्ही दाबले आणि ‘न’ उमटला

गेल्या मार्गशीर्षात एका लग्नपत्रिकेचे प्रूफ आमच्या मुद्रितशोधकांकडे गेले आणि पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. “ताई, या मंडळींना लोकांना बोलवायचंय ना?” मी म्हटले, “म्हणजे काय!” त्यावर ते म्हणाले, “मग शेवटून दुसरी ओळ वाचा.” ओळ अशी होती : ‘तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार नयेण्याचे करावे.’

यजमानांनी दिलेल्या मजकुरात तो ‘न’ नव्हता, आणि मीही तो टाइप करायचा म्हणून केला नव्हता. झाले होते ते असे. एका कोपऱ्यातली वेलबुट्टी ऑल्ट आणि शिफ्ट दाबून ओढत मी समोरच्या कोपऱ्यात सरळ रेषेत उतरवून घेतली. मग मजकुराच्या चौकटीत शिरून ‘येण्याचे’च्या आधी पडलेली जास्तीची मोकळी जागा काढली आणि चौकटीबाहेर पडण्यासाठी सवयीने व्ही दाबले. पान लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये व्ही म्हणजे निवडीचा बाण. बाण काही आला नाही. कळ नीट दाबली गेली नसेल असे समजून मी माउसने तो उचलला आणि पुढच्या कामाला लागले. कर्सर मजकुरात उभा असला की व्ही ही आज्ञा राहत नाही, अक्षर होते, आणि मराठी टायपिंगच्या इन्स्क्रिप्ट मांडणीत त्या कळीवर ‘न’ आहे.

पण कीबोर्ड तर इंग्रजीवर होता, कारण शॉर्टकट चालावेत म्हणून आम्ही डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर पाने लावणारे, मजकूर टाइप करून झाला की तो इंग्रजीवरच ठेवतो. तो मराठीवर कधी गेला, हे शोधायला मला अर्धा दिवस लागला. वस्तूची प्रत सरळ रेषेत काढण्यासाठी ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबावे लागतात, आणि डावे ऑल्ट व शिफ्ट एकत्र दाबून सोडले की विंडोज भाषा बदलते. म्हणजे ज्या दोन कळांनी वेलबुट्टी हलली, त्याच कळांनी माझ्या नकळत भाषाही बदलली. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातली एवढीशी खूण तेवढी पालटली असेल. पण नजर वेलबुट्टीवर असताना तिकडे कोण पाहतो? मोकळी जागा काढताना एकही अक्षर उमटले नाही, त्यामुळे तेव्हाही हा बदल ध्यानात आला नाही.

हे इंग्रजी कीबोर्डवर घडले असते तर देवनागरी ओळीत रोमन व्ही भातातल्या खड्यासारखा लागला असता. पान पूर्वदृश्यात पाहण्याची कळ डब्ल्यू, आणि मराठी कीबोर्डवर तिच्यावर दोन मात्रा आहेत. ‘मंगल’च्या शेवटी ती चुकून पडली तर ‘मंगलै’ होते आणि नुसत्या नजरेनेही सापडते. ‘न’ मात्र असे एकच अक्षर आहे, जे कोणत्याही क्रियापदाच्या मानगुटीवर जाऊन बसते आणि वाक्य शुद्धच राहते, फक्त अर्थ फिरतो.

या दुखण्याचे मूळ जुने आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७४ च्या सुमारास ‘ब्राव्हो’ नावाचा मजकूर-संपादक तयार झाला. त्यात एका अवस्थेत कळा अक्षरे उमटवीत आणि दुसऱ्या अवस्थेत त्याच कळा आज्ञा होत. त्याचा एक किस्सा आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाने ऐकावा असा आहे : आज्ञेची अवस्था चालू असताना कोणी ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टाइप केला, तर ई म्हणजे सगळे निवडा, डी म्हणजे पुसा, आय म्हणजे घाला, आणि घालायला उरला तो टी. सबंध दस्तऐवजाच्या जागी एकटा टी! त्याच केंद्रातले संशोधक लॅरी टेस्लर यांना या ‘मोड’ प्रकाराचाच तिटकारा होता. त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरही ‘नो मोड्स’ असे होते. त्यांनी टिम मॉट यांच्यासह ‘जिप्सी’ हा संपादक तयार केला तो गिन या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेतील संपादकांसाठी, म्हणजे अखेर आमच्याच जातकुळीच्या माणसांसाठी. कापा आणि चिकटवा यांची आजची पद्धत तिथे घडली. पुढे अ‍ॅपलच्या १९८३ मधील लिसा संगणकावर झेड, एक्स, सी, व्ही या शेजारशेजारच्या चार कळा मागे घेणे, कापणे, प्रत काढणे आणि चिकटवणे या कामांसाठी आल्या आणि आजतागायत हलल्या नाहीत. (व्हीचा आकार उलट्या काकपदासारखा आहे, आणि काकपद म्हणजे गाळलेला मजकूर ओळीत घुसवण्याची खूण. त्या अर्थी माझ्या व्हीने आपले काम चोख बजावले म्हणायचे.)

त्या चार कळा कंट्रोलसह किंवा कमांडसह दाबायच्या असतात, आणि त्यांचा प्रामाणिकपणा त्यातच आहे. करंगळी कंट्रोलवर असेपर्यंत अवस्था वेगळी आहे हे हातालाच कळत असते, आणि बोट उचलले की ती अवस्था संपते. एकट्या अक्षराच्या शॉर्टकटमध्ये मात्र अवस्था बोटांत नसते, पडद्यावरच्या एका लुकलुकणाऱ्या रेघेत असते. जिथे फक्त चित्र रंगवायचे आहे तिथे बी म्हणजे ब्रश हे सोयीचेच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या सॉफ्टवेअरचा निम्मा संसार मजकुराचा, तिथे मजकुराचीच अक्षरे आज्ञांसाठी उसनी घेणे ही घडवणाऱ्यांची सोय झाली, वापरणाऱ्यांची नव्हे.

काही विचित्र शॉर्टकटांमागे निदान इतिहास तरी असतो. फोटोशॉपमध्ये २०१८ च्या ऑक्टोबरपर्यंत कंट्रोल-झेड पुन्हा दाबले की एक पायरी आणखी मागे जाण्याऐवजी केलेला बदल परत येत असे, कारण ती सोय मुळात एकच पायरी मागे जाता येई त्या काळातली होती. १९९८ मध्ये पाचव्या आवृत्तीत अनेक पायऱ्यांचा इतिहास आला, तरी ती कळ तशीच राहिली आणि खरोखर मागे जायला मध्ये ऑल्टही दाबावे लागे. पण बदलाआधीचे आणि नंतरचे चित्र एकाच कळीने आलटून पालटून पाहायला तीच रीत बरी होती, हे मान्य करावे लागते. जुनी रीत हवी असणाऱ्यांसाठी तिचा पर्याय ठेवला आहे, तेही बरेच केले. फाइल बंद करण्याच्या कंट्रोल-डब्ल्यूला लागून अख्खे सॉफ्टवेअर बंद करण्याचा कंट्रोल-क्यू ठेवणाऱ्यांना मात्र मी इतक्या सहज सोडणार नाही.

पत्रिका छापायला जाण्याआधीच दुरुस्त झाली. यजमानांना यातले काही कळले नाही. मी विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑल्ट-शिफ्टने भाषा बदलणे बंद केले आणि आता त्यासाठी विंडोजची कळ व स्पेस वापरते. चौकटीतून बाहेर पडायला एस्केप दाबायचे असेही ठरवले आहे. डोक्याने ते ऐकले, डाव्या हाताच्या तर्जनीने अजून ऐकलेले नाही. पीडीएफ पाठवण्याआधी भरकटलेले ‘न’ शोधून काढावेत म्हणून एकदा शोधचौकटीत ‘न’ घालून पाहिला, तर चोवीस पानी स्मरणिकेत नमन, निवेदन, नियोजन, नातेवाईक असे सगळे शिष्ट ‘न’ रांगेत उभे राहिले. तेव्हापासून आमचे मुद्रितशोधक माझे प्रत्येक प्रूफ दोनदा वाचतात : एकदा नेहमीसारखे, आणि एकदा फक्त क्रियापदे.