तुम्ही विचारलंत म्हणून: ऑपरेटरना शिकवायला कुणाला बोलवायचं?

पन्नास-साठ माणसांचं मशीन शॉप (धातूचे सुटे भाग बनवणारा कारखाना) चालवणारे हा प्रश्न हमखास विचारतात. त्याला जोडून दुसराही येतो: शिकवून तयार केलेला पोरगा दोन हजार जास्त मिळाले की चाकणच्या मोठ्या कारखान्यांत जातो, मग शिकवायचं कशाला?

सुरुवातीला कुणालाच बोलावू नका. बाहेरचा माणूस प्रोजेक्टर लावून दिवसभर टीमवर्कवर बोलेल, हजेरीपत्रकावर सह्या होतील, ऑडिटची फाइल भरेल आणि रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, होतं तिथेच राहील.

आधी मागच्या तीन महिन्यांचं रिजेक्शन रजिस्टर काढा. फिक्श्चर (भाग धरून ठेवणारं साधन) ढिलं आहे, मटेरियल खराब आलं, चकचे जॉ (लेथवर भाग पकडणारे जबडे) झिजलेत, असल्या नोंदी बाजूला काढा. त्या दुरुस्तीने सुटतील, शिकवून नाही. उरलेल्यांत हाताच्या चुकीने सगळ्यात जास्त पैसे कुठे जातात ते बघा आणि तेवढं एकच काम उचला. दहा विषयांचं वार्षिक ट्रेनिंग कॅलेंडर भिंतीवर छान दिसतं, पण मार्चनंतर त्याच्याकडे कुणी बघत नाही.

मग त्या कामाची फोड करायची. एका कागदावर तीन रकाने: पायरी, त्यातलं मर्म, आणि त्याचं कारण. ही पद्धत मुळात अमेरिकेत १९४० साली, महायुद्धासाठी नवख्या कामगारांना पटापट तयार करायला सुरू झालेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या कार्यक्रमातली. युद्धानंतर ती जपानात गेली आणि टोयोटाने उचलली. मर्म कशाला म्हणायचं याची कसोटी सोपी आहे: ज्याने जॉब (मशीनवर बनणारा भाग) बिघडतो, ज्याने इजा होते, किंवा ज्याने काम सोपं होतं, तेवढंच त्या रकान्यात जातं.

उदाहरणार्थ, सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) लेथवर जॉब मोजून ऑफसेट देणं, म्हणजे माप जुळावं म्हणून टूलच्या जागेत करायची दुरुस्ती मशीनला आकड्यात सांगणं. पायऱ्या पाचच: जॉब काढून पुसणं, मोजणं, फरक काढणं, ऑफसेट टाकणं, पुढचा जॉब तपासणं. सगळं रिजेक्शन मर्मांत दडलेलं असतं. ५० मिमी व्यासाचा स्टीलचा जॉब २० अंशांनी गरम असेल तर तो साधारण ०.०१२ मिमी मोठा भरतो. टॉलरन्सची, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाची, पट्टी ०.०२ची असेल तर अर्ध्याहून जास्त तिथेच संपली, आणि मशीनवर ओके असलेला जॉब क्वालिटीच्या टेबलावर थंड होऊन अंडरसाइज निघतो. मायक्रोमीटर रॅचेटनेच (ठरावीक दाबाला घसरणाऱ्या टोकाच्या खुंटीने) फिरवायचा, नाहीतर प्रत्येकाचं माप वेगळं येतं. व्यास ५०.०६ आला आणि ५०.०० हवा, तर एक्समध्ये (व्यासाच्या दिशेच्या ऑफसेटमध्ये) उणे ०.०६ द्यायचं. नवा माणूस त्याचं अर्धं करतो, कारण टूल एका बाजूने ०.०३च सरकणार हे त्याला कळतं. पण बहुतेक लेथवर एक्सचा आकडा व्यासाचाच धरतात. आणि फॅनुक कंपनीच्या कंट्रोलरवरची सगळ्यात महागडी चूक म्हणजे ‘प्लस इनपुट’ऐवजी नुसतं ‘इनपुट’ दाबणं. आधीचा ऑफसेट उणे ०.१० असेल तर तो उणे ०.१६ व्हायला हवा. ‘इनपुट’ दाबलं की जुना आकडा पुसून उणे ०.०६ बसतो आणि पुढचा जॉब ५०.१० निघतो.

यातलं बरंचसं तुमचा जुना ऑपरेटर सांगणारच नाही. लपवतो म्हणून नव्हे, हाताला सवय झाल्यामुळे त्याला ते दिसतच नाही. त्यामुळे फोड त्याला एकट्याला लिहायला देऊ नका. दुसऱ्या कुणी शेजारी उभं राहून, त्याचा हात जिथे थांबतो तिथे ‘हे का केलं?’ असं विचारत लिहायची. लाइनवर बिहार-ओडिशाची मुलं असतील तर कागद हिंदीत आणि फोटोंसह हवा.

शिकवणं एका वेळी एकालाच, मशीनजवळ, वीस-पंचवीस मिनिटं. शिकवणारा काम तीनदा करून दाखवतो: एकदा पायऱ्या सांगत, एकदा मर्मं सांगत, एकदा कारणं सांगत. मग शिकणारा करतो. आधी नुसतं, नंतर तोंडाने पायऱ्या, मर्मं, कारणं बोलत. हा दुसरा भाग वेळ नाही म्हणून सगळीकडे गळतो आणि त्याच्या जागी येतं ‘समजलं का?’ ‘हो सर.’ या ‘हो सर’वर विश्वास ठेवून सोडलेला माणूस त्याच रात्री टूल धडकवतो. पहिले पाच जॉब शेजारी उभं राहून बघा, मग तासाला एक, आणि नाइट शिफ्टला एकट्याला लगेच टाकू नका. त्या दिवशी त्या मशीनचं टार्गेट लेखी कमी करा. सुपरवायझरला फक्त नगांवर जोखलं जात असेल तर तो ट्रेनिंग उद्यावर ढकलणारच, आणि त्यात त्याचा दोष नाही.

कोण काय करू शकतो याचा तक्ता, स्किल मॅट्रिक्स, बहुतेकांकडे असतो: प्रत्येक माणसाच्या प्रत्येक कामापुढे चार भागांचं वर्तुळ. पाव म्हणजे शिकतोय, अर्धं म्हणजे देखरेखीखाली, पाऊण म्हणजे एकट्याने, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी सगळी वर्तुळं पूर्ण होतात, हा त्याचा नेहमीचा रोग. काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय भाग भरायचा नाही, आणि सहा महिने त्या कामाला हात लागला नसेल तर एक भाग कमी करायचा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच तक्त्यात आहे. ज्या कामापुढे एकच पूर्ण वर्तुळ आहे, तिथे माणूस गेला की लाइन थांबते. तिथे दुसरा तयार करणं हाच पुढचा विषय. आणि वर्तुळ वाढलं पण पगार वाढला नाही, तर माणूस जाणारच. पाऊण वर्तुळाला किती वाढ आणि शिकवणाऱ्याला किती भत्ता, हे आधीच जाहीर करा. मूळ सर्टिफिकेटं अडकवून ठेवायची युक्ती मात्र करू नका. चांगला पोरगा ते ऐकूनच दारातून परत जातो. तीस किंवा जास्त माणसं असतील तर अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं कायद्याने लागतंच. त्यांना झाडू न देता याच तक्त्यात पहिल्या पावापासून बसवा.

उपयोग झाला की नाही हे त्याच रजिस्टरमध्ये, त्याच कामापुढे तीन महिन्यांनी दिसतं. आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचं मानकसुद्धा नुसती हजेरी मागत नाही, परिणाम तपासायला सांगतं. बाहेरचा माणूस बोलवायचाच असेल तर घरात जे ज्ञान मुळातच नाही त्यासाठी बोलवा: ड्रॉइंगवरच्या जिऑमेट्रिक टॉलरन्स (आकार आणि जागेतल्या चालणाऱ्या फरकाच्या खुणा), हायड्रॉलिक्सची देखभाल, क्रेन आणि स्लिंगची (माल उचलायच्या पट्ट्या-साखळ्यांची) सुरक्षा. आणि तो आला की त्याच्याकडूनही तीन रकान्यांचा कागद भरून घ्या.