भाकरीच्या यादीतलं नाव

क्रांतिदिनाला, ९ ऑगस्टला, आमचं मंडळ विट्यात जमतं. पाऊस हमखास, सतरंज्या दमट, आणि माईकचा घसा दर वर्षी बसलेला. पूर्वी कुंडलकडचे एक आजोबा यायचे, तुफान सेनेतले, म्हणजे इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या दलातले. ७ जून १९४३ला शेणोलीजवळ सरकारी पगाराचा पैसा नेणारी रेल्वे कशी अडवली, ते सांगायचे. गोष्ट पाठ झालेली, तरी ते आवाज बारीक करायचे तेव्हा आम्ही पोरं पुढं सरकायचोच. कुणी ‘दरोडा’ म्हणालं की काठी आपटायचे.

ते गेले. त्यांच्या खुर्चीवर हळूहळू आम्हीच बसायला लागलो.

माझी ठरलेली गोष्ट येरळा नदीची. १९८२च्या गिरणी संपात मुंबईहून परतलेले कामगार, खानापूर तालुक्यातला दुष्काळ, मुक्ती संघर्ष चळवळीच्या सभा. ठेकेदार नदीतली वाळू उपसून नेत होते आणि काठच्या विहिरी कोरड्या पडत होत्या, कारण पाणी धरून ठेवते ती वाळूच. मग बलवडी आणि तांदुळवाडीनं ठरवलं : थोडी वाळू आपणच विकायची, त्या पैशातून बळीराजा धरण बांधायचं, आणि पाण्यात भूमिहीनाचाही वाटा ठेवायचा. हे शेवटचं ऐकून आम्ही कॉलेजची पोरं येडीच झालो होतो. श्रमदानात हाताला फोड आले ते मिरवत फिरायचो.

तर गोष्ट अशी, की त्या काळातल्या एका मोर्चात सगळ्यात पुढं मी होतो आणि घोषणा मीच देत होतो. वीसेक वर्षं सांगतोय.

यंदा वाळवी लागली म्हणून पत्र्याची ट्रंक उपसली. सायक्लोस्टाईल पत्रकं, अर्धं पावतीपुस्तक, ‘साम्राज्यवाद’ हा शब्द चार ठिकाणी चार तऱ्हेनं लिहिलेली माझी वही. आईचं पोस्टकार्ड : परीक्षा कधी आहे तेवढं कळव. आणि मोर्चाच्या कामांची वाटणी केलेला एक कागद. घोषणांपुढं दोन नावं, त्यातलं एक आमच्या वर्गातल्या मुलीचं. माझं नाव पार खाली : ‘भाकरी गोळा करणे, ४० घरं. कोरड्यास नसेल तर चटणी चालेल.’

कागद हातात घेऊन बसलो तशी एक म्हातारी आठवली. चुलीपुढूनच तिनं विचारलं होतं, “मोर्चा कशाचा रं?” पाण्याचा म्हटल्यावर दोनाच्या तीन भाकरी झाल्या. ही म्हातारी इतकी वर्षं कुठं होती कुणास ठाऊक.

घोषणा देणारी ती मुलगी आता निवृत्त मुख्याध्यापिका. मेळाव्याला पहिल्या रांगेत असते, माझी गोष्ट दर वर्षी निमूट ऐकते. यंदा भाषणाआधीच कागद तिच्यापुढं धरला. तिनं चष्मा लावून तो सावकाश वाचला.

“चाळीस कुठली रे,” ती म्हणाली, “बावीस घरं करून आलास तू. उरलेली अठरा मी केली, घोषणा देऊन घसा बसला होता तरी.”