आमची वाटचाल: मे महिन्यातला फिका सोनिया

कुडाळजवळच्या आमच्या बागेत मुख्य पीक एकच, 'सोनिया' जातीचं डेंड्रोबियम. टोकाकडे गर्द जांभळ्या-गुलाबी पाकळ्या आणि मध्ये पांढरा डोळा. लग्नाच्या स्टेजवर, हॉटेलच्या टेबलावर हे ऑर्किड तुम्ही नक्की पाहिलं असेल. 2013 साली पहिली रोपं आणली, तेव्हा सहा गुंठ्यांवर शेडनेट होतं आणि मातीऐवजी नारळाची सोडणं. पहिल्या वर्षाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रोपं जगवली, एवढंच.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात दादरच्या फूलबाजारातून फोन आला. "ताई, माल बदललात का?" डिसेंबरात आमच्याकडूनच घेतलेली फुलं आणि ही, व्यापाऱ्याला दोन वेगळ्या जाती वाटल्या. निम्म्या गड्ड्यांचे पैसे कापले गेले. आमच्याकडे कामाला येणारी मावशी त्याआधी आठवडाभर सांगत होती, "वयनी, फुलांचो रंग उतरलो हा." मी मनावर घेतलं नव्हतं, त्याची रुखरुख मला आजही आहे.

मग सुरू झाले सल्ले. कुणी म्हणालं पोटॅश वाढवा, कुणी म्हणालं पाण्याचा सामू (पीएच) बघा. दोन महिने खतावर पैसे घातले, फरक शून्य. हायड्रेंजियाचा रंग जमिनीच्या आंबटपणावर आणि त्यातल्या ॲल्युमिनियमवर निळा-गुलाबी होतो, ते ऐकून लोक ऑर्किडलाही तोच नियम लावतात. इथे तो चालत नाही.

उत्तर मिळालं ते पुढच्या मार्चमध्ये, एका दांडीवर. डेंड्रोबियमची फुलं खालून वर उमलत जातात. त्या दांडीची खालची चार फुलं जांभळासारखी गर्द होती, पाकळी उजेडात धरली तरी शिरा ठसठशीत दिसत होत्या. टोकाकडची तीन मात्र पाणी जास्त झालेल्या कोकम सरबतासारखी. झाड एक, खत एक, दांडीसुद्धा एकच. मधल्या पंधरवड्यात फक्त उकाडा वाढला होता.

हा रंग अँथोसायनिनचा. आपल्या कोकमात आणि जांभळातही याच कुळातली रंगद्रव्यं असतात. आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची बाटली महिनोन्महिने गॅसजवळ राहिली की लाली जाऊन ते तपकिरी पडतं, कारण हा रंग उष्णतेला टिकत नाही. फुलात तर दुहेरी मार बसतो: कळी वाढत असताना तापमान चढं असेल तर झाड रंग कमी बनवतं आणि बनलेलाही मोडत जातो. रात्री गार असल्या की तो साठतो. त्यामुळे फूल उमललं त्या दिवसाची हवा बघून काही कळत नाही, कळी भरत होती ते दिवस आठवावे लागतात. आम्ही तेव्हापासून कमाल-किमान तापमापी बेंचच्या उंचीवर टांगली आणि रोजचे आकडे वहीत लिहायला लागलो.

एवढं कळूनही पुढच्या उन्हाळ्यात आम्ही चुकलोच. गारवा हवा म्हणून नेटवर दुसरं नेट चढवलं. फुलं आणखी फिकी आली, दांड्याही घटल्या. रंग बनवायला साखर लागते आणि साखरेला उजेड. दुसरं नेट काढलं, छत उंच केलं, दुपारी पाण्याचं धुकं सोडणारे फॉगर लावले. मे महिन्यात डिसेंबरचा रंग येत नाही, कोकणच्या हवेत तो येणारही नाही, पण माल परत येणं थांबलं.

कधी कधी मात्र बदल हवेमुळे झालेला नसतो. टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यापासून वाढवलेल्या रोपांत एखादं रोप मुळातच वेगळं निघतं. आमची चार झाडं पाकळ्यांवर पांढरे शिंतोडे घेऊन आली. त्यांना दोरी बांधून थंडीपर्यंत थांबलो. थंडीतही शिंतोडे तसेच राहिले, तेव्हा ती वेगळ्या बेंचवर हलवली. फिकेपणा हवेचा की झाडाचा, हे ओळखायला यापेक्षा सोपी परीक्षा मला माहीत नाही.

निळ्या ऑर्किडची मागणीही येते. बाजारात दिसणारं ते गडद निळं फॅलेनॉप्सिस बहुधा दांडीतून शाई भरलेलं पांढरं फूल असतं, पुढचा बहर पांढराच येतो. आम्ही ते करत नाही आणि का करत नाही ते गिऱ्हाइकाला सांगतो.

आता एप्रिल लागला की पहिल्या तोडणीचा फोटो सकाळच्या उजेडात काढून दादरला पाठवते, भाव त्यावर ठरतो. तोच व्यापारी गेली काही वर्षं साखरपुड्यांच्या सजावटीसाठी मुद्दाम फिका माल मागतो. परवा त्याचा फोन होता, "ताई, मे वाला माल कधी सुरू?" मावशी शेजारीच गड्ड्या बांधत होती. म्हणाली, "सांग त्येका, अजून पंधरा दिवस."