खोतीगाव: एक गवा, दोन शेकरू आणि पेराएवढा खूर

दक्षिण गोव्यातलं काणकोण मागे टाकून अभयारण्याच्या रस्त्याला वळलो तेव्हा पावणेआठ झाले होते. फोंड्याहून पाचला निघायचं ठरलं होतं, पण आतेभावाचा चहा काही आटपेना. तुम्ही ही चूक करू नका. गेट उघडताना तिथे हजर राहा. नऊनंतर रानातली हालचाल मंदावते.

खोतीगाव अभयारण्य साधारण 86 चौरस किलोमीटरचं, 1968 पासून संरक्षित. आत गावंही आहेत, त्यामुळे गवा आणि गुरं यांच्या वाटा एकमेकींत गुंतलेल्या.

बहुतेक लोक थेट झाडावरच्या मचाणाकडे धावतात. साधारण 25 मीटर उंच आहे, वरून रान सुरेख दिसतं. पण पाणवठ्यावर जनावर यायला हवं असेल तर तासभर गप्प बसावं लागतं, आणि आमच्याआधी चढलेल्या मंडळींनी मोबाईलवर गाणी लावली होती. मचाणावर सोडतात की नाही, ते गेटवरच विचारून घ्या.

खरं रान आम्हाला वाटाड्याने दाखवलं. आम्ही खाली झुडपांत शोधत होतो, तो म्हणाला, "वयर पळयात," म्हणजे वर बघा. पानांतून सालपटं टपटपत होती. वर एक शेकरू फळ कुरतडत बसलं होतं, मग पलीकडच्या झाडावरून दुसऱ्याची खडखड सुरू झाली. फांद्यांच्या बेचक्यात डहाळ्यांचा मोठा गोळा दिसला तर ते कावळ्याचं घरटं समजू नका. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना शेकरूचं कौतुक फार, ते त्यांचं राज्यप्राणी ना. गोव्याने मान दिला तो गव्याला.

गवा वळणावर भेटला. काळाभोर नर, पायांत पांढरे मोजे. गाडी थांबवून इंजिन बंद केलं. एक फुस्कारा टाकून तो उतारावरून निघून गेला. अशा वेळी फोटोसाठी गाडीतून उतरू नका; मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो.

पिसोरी मात्र दिसली नाही. ओढ्याजवळ रस्त्याकडेच्या धुळीत वाटाड्याने तिचा खूर दाखवला, बोटाच्या पेराएवढा. हे फूटभर उंचीचं जनावर हरणासारखं दिसतं, पण शिंगं नसतात. नराला त्याऐवजी सुळे असतात. खवले मांजर आणि लाजवंती (मोठ्या डोळ्यांचं, माकडासारखं चिमुकलं जनावर) इथे आहेत, पण दोन्ही निशाचर, आणि रात्री आत प्रवेश नाही. त्यांच्यासाठी हट्ट धरणाऱ्या आणि 'रात्री गुपचूप नेतो' म्हणणाऱ्या दोघांपासूनही दूर राहा.

ऑक्टोबर ते मार्च उत्तम. पावसात जळवा पिच्छा सोडत नाहीत. पेट्रोल आणि रोकड चावडीलाच, म्हणजे काणकोणच्या बाजारातच, भरून घ्या. पूर्ण बाह्यांचे, मातकट रंगाचे कपडे घाला आणि पँट मोज्यांत खोचा. पश्चिम घाटात गोचिडांमुळे माकडताप होतो, गोव्याच्या सत्तरी तालुक्यात त्याचे रुग्ण सापडले आहेत. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनरक्षकाला सांगा.

परतताना आतेभावाला त्या खुराचा फोटो हवा होता. ओढ्याजवळ उतरलो, तर त्यावरून टायरची नक्षी गेलेली. आमच्याच गाडीची.