गुहागर ते रत्नागिरी: सड्यावरून खाली, खालून सड्यावर

किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं म्हणजे रस्ता सपाट, असं ज्यांना वाटतं त्यांनी गुहागर सोडून पालशेतपर्यंत तरी सायकल मारून बघावी. इथे गावं समुद्राला चिकटून आणि रस्ता वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. प्रत्येक गावासाठी उतरायचं, नारळी-पोफळीतून दोन वळणं घ्यायची आणि पुन्हा जांभ्याच्या कातळावर यायचं. चढ लांब नसतात, पण सह्याद्रीच्या घाटात जशी एक लय धरून तासभर चढता येतं, तशी सोय नाही. लय सापडेपर्यंत चढ संपलेला असतो.

म्हणून या वेळी निघण्याआधी मागच्या चाकावरची ११-२८ ची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच, आकडे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या चकतीच्या दातांचे) काढून ११-३४ बसवून घेतली. पुढची लहान चकती ३० दातांची आहे. ३०/३४ वर, म्हणजे पुढे ३० आणि मागे ३४ दात असताना, पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण १.८५ मीटर सरकते, म्हणजे मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी पावणेसात किमी. २८ दातांवर तेवढेच फेरे मारायचे तर ताशी आठचा वेग राखावा लागतो. कागदावर फरक किरकोळ वाटतो. पॅनिअरमध्ये (कॅरिअरला अडकवलेल्या पिशव्यांत) पंधरा किलो सामान आणि समोर वेळणेश्वरच्या पुढचा चढ असला की गुडघ्यांना तो नीट कळतो. मागे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा डिरेलर लांब केजचा हवा आणि चेनही वाढवावी लागते, हे मात्र धरून चला.

वाऱ्याचंही गणित आहे. थंडीत सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा. तो बाजूने लागतो, फार छळत नाही. दुपारी खारा, म्हणजे समुद्राकडून येणारा वारा, सुटतो आणि तो बहुतेक वायव्येकडून येतो. त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याला पाठीवर घेता येतो. उलट दिशेने गेलेल्या मित्रांच्या शिव्या ऐकून आहे.

हेदवीला नऊच्या सुमारास पोचायचं ठरवूनच निघालो होतो. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा कोळ्यांचा जुना हिशोब. द्वादशी होती, बाराची पाऊणपट नऊ. पाच-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे, पण काम भागतं. बामणघळ भरतीलाच बघण्यासारखी. कातळातल्या अरुंद चिरेत लाट शिरते, आत कोंडते आणि वर उसळते. पावसाळ्यातला जोर फेब्रुवारीत नसतो, तरी कडेच्या ओल्या कातळावर पेडलला अडकणारे क्लीटचे बूट घालून जाऊ नका. दशभुज गणपतीचं दर्शन घेतलं आणि रोहिल्याच्या वाटेला लागलो.

तवसाळला शास्त्री नदीची खाडी आडवी येते. फेरीबोट नसती तर आत वळून मोठा फेरा पडला असता. बोटीवर सायकलला नेहमी आधी चढवतात आणि मग दोन गाड्यांच्या मध्ये अडकवून ठेवतात, हा माझा सगळीकडचा अनुभव. हँडल धरून उभं राहिलेलं बरं. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाच्या आराखड्यात इथे पूल आहे. वेळ वाचेल हे खरं, पण दिवसातली एकमेव सक्तीची विश्रांती जाईल. बोटीत केळी, चिक्की आणि मीठ घातलेलं कोकम सरबत झालं.

जयगड बाजूला बंदराची अवजड वाहतूक आहे, तिथे रेंगाळलो नाही. किल्लाही सोडला. मालगुंडकडे लागलो की ट्रक सुटतात. केशवसुतांचं जन्मघर वाटेवरच आहे. कौलारू, शेणाने सारवलेलं, आणि भर दुपारी तिथली ओसरी सोडवत नाही. जेवण गणपतीपुळ्यात, घरगुती खानावळीत. एकच मोदक खाल्ला, कारण गाव संपताच पुन्हा चढ.

आणि मग आरे-वारे. या तुकड्याबद्दल इतकं बोललं गेलंय की थोडा आखडता हात घेऊनच गेलो होतो. पण नेवरे मागे पडल्यावर रस्ता डोंगराच्या कडेने वर जातो आणि उजव्या हाताला आरे आणि वारे या दोन्ही पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे, एकदम खाली उलगडतात, तेव्हा कौतुक वाजवीच वाटलं. उतारावर मात्र नजर रस्त्यावर ठेवा. वळणावर सेल्फीवाल्यांच्या गाड्या कशाही उभ्या असतात आणि कडेला वाळू येते. ३८ मिमीच्या टायरमध्ये मुद्दाम थोडी हवा कमी ठेवली होती, त्याचा इथे उपयोग झाला.

काळबादेवी, साखरतरची खाडी, शिरगाव आणि शहरात शिरण्याआधी एक शेवटचा चढ. मीटरवर ८० किमीच्या वर, चढाची बेरीज हजार मीटरच्या पुढे.

संध्याकाळी चेन आणि ब्रेकची डिस्क गोड्या पाण्याने धुतली, पुसून फक्त चेनला तेल दिलं. खाऱ्या हवेत एक रात्र तशीच राहिली तरी कड्यांवर गंज दिसतो. मागचे ब्रेक पॅड बरेच झिजलेत. पुढे पावस, पूर्णगड, कशेळी, जैतापूर असंच चढउताराचं चालणार आहे, त्यामुळे जवळचा नवा संच सकाळी निघण्याआधीच टाकतोय.