पलटणीतल्या माणसांची नावं

नाशिक रोड, देवळाली, भगूर या पट्ट्यात तोफांच्या सरावाचे आवाज ऐकतच माणसं मोठी होतात. तरीही भिंतीवरच्या फोटोतल्या, पलटणीत गेलेल्या पणजोबांबद्दल विचारलं, की बहुतेक घरांत एवढंच उत्तर येतं, "मोठ्या लढाईत होते." कोणत्या लढाईत, कोणत्या पलटणीत, ते सांगणारी पिढी गेली. म्हणून असे फोटो जमवून, प्रत्येकाखाली खात्रीची माहिती लिहून ते प्रजासत्ताक दिनाला गावच्या सभागृहात मांडायचं मी ठरवलं.

फोटो कुणी हातात देईना, आणि ते बरोबरच होतं. घरात एकच प्रत. मग मीच लॅपटॉप आणि स्कॅनर घेऊन सिन्नर-निफाडकडच्या घरी जाऊ लागलो. ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करायचा, मूळ फाइल टिफमध्ये, म्हणजे चित्राचा दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात ठेवायची. काचेला चिकटलेला फोटो ओढायचा नाही, काचेवरूनच टिपायचा. पाठीमागची बाजू मात्र कधीच सोडायची नाही. स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने लिहिलेलं गाव तिथेच सापडतं.

खरं काम त्यानंतरचं. सिन्नर तालुक्यातल्या एका घरी गणवेशातले दोन तरुण शेजारी शेजारी उभे असलेला फोटो होता. आजी म्हणाल्या, "गुरुजी, हे आमच्या मामंजींचे वडील. बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत." दोघांतले कोणते, विचारलं तर म्हणाल्या, "उजव्या अंगाचे. सासूबाई तसंच सांगायच्या." मग त्यांनी पितळी डबीतून एक चांदीचं पदक काढलं. पहिल्या महायुद्धाच्या त्या ब्रिटिश पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. धातूही बोलतो: लढणाऱ्या शिपायाला चांदीचं, हमाली किंवा मजुरीच्या तुकड्यांतल्या माणसाला ब्राँझचं. भिंगाखाली ११० क्रमांकाची मराठा पलटण वाचता आली. ही पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराला वेढा घातला तेव्हा ती आतच अडकली. अन्न संपत गेलं, घोडे कापून खायची वेळ आली आणि २९ एप्रिल १९१६ ला सगळ्या फौजेने शरणागती पत्करली. मी हे सांगत असताना आजींनी पदक मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं.

इराकमधल्याच बसऱ्याच्या युद्धस्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या भारतीय शिपायांची मात्र पलटणीनुसार नुसती संख्या. हे मला फार लागतं. त्यामुळेच फोटोखाली "अज्ञात मराठा सैनिक" लिहून मोकळं व्हायला माझा हात धजत नाही. आजींच्या फोटोखाली मी लिहिलं: "पलटण पदकावरून. उजवीकडचे तेच, ही घरातली आठवण." कोणती गोष्ट पुराव्यातून आली आणि कोणती सांगण्यातून, हे वाचणाऱ्याला दिसलंच पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धाचे फोटो ओळखायला सोपे. त्या वेळच्या मोहिमांची ताऱ्याच्या आकाराची पदकं, म्हणजे तारे, सहा टोकांचे असतात. छातीवर ते दिसले, की "पहिल्या लढाईतले" ही घरातली समजूत तिथेच दुरुस्त होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बटालियन इटलीत लढल्या होत्या. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या, तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. पदकं उजव्या छातीवर दिसली, तर फोटो उलटा छापला गेलाय का, ते तपासायचं.

काही मुलांनी फोटो रंगीत करायचा आग्रह धरला. मी नाही म्हणालो. त्या काळच्या कॅमेऱ्यातल्या अनेक काचेच्या प्लेट आणि फिल्म लाल रंग टिपत नसत. लाल काळपट उतरायचा, निळा फिकट. पदकाच्या फितीचा रंग अंदाजाने भरला, तर मोहीमच बदलून जाईल.

चित्रांच्या बाबतीत मी आणखी कडक राहिलो. लंडनच्या साप्ताहिकांचे चित्रकार आघाडीवरून आलेल्या कच्च्या रेखाटनांवरून चित्रं पुरी करत. नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्याला मुघलांनी घातलेल्या वेढ्याची, तिथल्या लाकडी तोफेची रंगीत चित्रं तर आजच्या काळातली. दोन्हींखाली ठळक अक्षरांत "कल्पनाचित्र" लिहिलं. काहींना ते रुचलं नाही, पण पाटी काढली नाही.

प्रत्येक घराची लेखी संमती घेतली. छापील फोटोंसाठी प्रताधिकाराची मुदत बघितली. आधी ती प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं होती; २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं झाली.

प्रदर्शनाला तोफखान्यातले निवृत्त हवालदार आले होते. एका समूहचित्रासमोर ते बराच वेळ थांबले. मागच्या रांगेतल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा आमच्या चुलत्यांसारखा दिसतो. घरी दुसरा फोटो आहे, घेऊन येतो." आता त्या फोटोची वाट पाहतोय. बाकीच्या चेहऱ्यांना क्रमांक दिलेत. सिन्नर, निफाड, इगतपुरीकडे कुणाकडे अशा पलटणीच्या फोटोची प्रत असेल, तर आधी घरातल्या थोरांना दाखवा आणि ओळखलेली नावं मऊ पेन्सिलीने पाठीमागे लिहून ठेवा. पेनाने नको, शाई पुढे फुटते.